लेकरू बाँडवर येत नसतं

मागच्या अंकात ह्या पानावर चार ओळी टाकल्या होत्या, की दत्तक, आयव्हीएफ, सरोगसी ह्यातलं कायद्याचं काही विचारायचं असेल तर पाठवा, नाव छापणार नाही. मला वाटलं पाचसात येतील. गठ्ठाच आला. आणि त्यात एक शब्द सारखा सारखा, बाँड. बाँडवर लिहून घेतलंय, बाँड नोटरी केलाय, एकानं तर बाँड लॅमिनेशन करून कपाटात ठेवलाय. लातूरच्या कोर्टात माझं टेबल आहे त्याच्यापासून चार पावलांवर स्टॅम्प व्हेंडर बसतो, त्यामुळं बाँड किती वेळात होतो ते मला माहितीय, सांगितलेला चहा येईपर्यंत होतो. जमिनीच्या इसारापासून म्हशीच्या सौद्यापर्यंत सगळं आपण बाँडवर करतो, मग लेकराचं पण करून टाकतो.

पत्रं थोडी कापलीत, गावं बदललीत.

प्रश्न : मॅडम नमस्कार. लग्नाला अकरा वर्षं झाली, लेकरू नव्हतं. चार वर्षांखाली एका खाजगी दवाखान्यात काम करणाऱ्या मावशीनं सांगितलं की एक लग्न न झालेली पोरगी बाळंत होणार आहे, घरच्यांना बाळ नकोय. आम्ही दवाखान्याचं बिल भरलं, वरून मावशीला पैसे दिले, पोरीच्या वडिलांची बाँडवर सही घेतली आणि नोटरी केली. दवाखान्यानं जन्माच्या नोंदीत डायरेक्ट आमचीच नावं टाकली. आता लेक चार वर्षांची आहे, अंगणवाडीत जाते. परवा त्या मावशीच्या जावयाचा फोन आला, अजून पैसे द्या नाहीतर सांगून टाकतो. आमचा बाँड चालंल ना?
— एक वाचक, अंबाजोगाईकडचे

उत्तर : दादा, नाही चालणार. गोल गोल बोलून तुम्हाला आणखी एक महिना झोप लागू देण्यापेक्षा सरळ सांगितलेलं बरं.

आपल्याकडं गावात विचारतात लेकरू कुणाचं. कायदा तसं विचारत नाही, कायदा विचारतो दिलं कुणी आणि घेतलं कुणी. हिंदू दत्तक कायदा १९५६ चा आहे, त्याच्या कलम ९ प्रमाणे लेकरू दत्तक द्यायचा अधिकार फक्त आईबापाला आहे, ते नसतील किंवा लेकरू सोडून गेले असतील तर पालकाला, तेही कोर्टाची परवानगी काढून. तुमच्या बाँडवर सही कुणाची आहे? त्या पोरीच्या बापाची, म्हणजे लेकराच्या आज्याची. ज्या पोरीनं नऊ महिने पोटात वागवलं तिची सहीच नाही. म्हणजे देणारा माणूसच चुकलाय, मग नोटरीनं शिक्का मारला काय आणि नाही मारला काय. नोटरी एवढंच सांगतो की ही सही ह्याच माणसानं केली, ते लेकरू तुमचं झालं असं तो सांगत नाही.

दुसरं पैशाचं. तुम्ही म्हणता बिल भरलं आणि वरून दिले. ते 'वरून' आहे ना, तिथंच सगळं बिघडतं. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ८१ मध्ये लेकराची खरेदी-विक्री म्हणजे पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख दंड, आणि दवाखान्यातल्या माणसाचा हात असेल तर त्याला तीन ते सात वर्षं. घेणाराही त्यात येतो बरं का, फक्त विकणारा नाही. हिंदू दत्तक कायद्यात सुद्धा दत्तकासाठी पैसे द्यायला घ्यायला मनाई आहे.

आणि तिसरा तो जन्माचा दाखला. तुम्हाला वाटतंय तो तुमचा सगळ्यात पक्का कागद आहे, मला तो सगळ्यात कच्चा दिसतोय. तुमच्या बायकोला कुठल्या दवाखान्यात कधी ॲडमिट केलं होतं, तिची नऊ महिन्यांची तपासणी कुठं झाली, आशाताईच्या रजिस्टरला तिचं नाव आहे का, एवढे तीन प्रश्न कुणी विचारले की तो दाखला उभा राहत नाही.

हे सरळ झालं असतं तर कसं झालं असतं ते पण लिहिते, कारण हे वाचणाऱ्यांत कुणाच्या तरी घरी आत्ता अशीच एखादी पोरगी असेल. त्या मुलीनं जिल्ह्याच्या बालकल्याण समितीसमोर येऊन बाळ समर्पण करायचं. लग्न झालेलं नाही म्हणून तिला कुणी हाकलत नाही, तिचं नाव गुप्त ठेवणं हे समितीवर कायद्यानं बंधनकारक आहे. तिला विचार बदलायला दोन महिने मिळतात. त्या दोन महिन्यांत ती परत आली आणि म्हणाली मला माझं बाळ द्या, तर मिळतं. नाही आली तर बाळ दत्तकासाठी मोकळं जाहीर होतं, मान्यताप्राप्त संस्थेत जातं आणि कारा म्हणजे दत्तकाची केंद्रीय यंत्रणा, तिच्या पोर्टलवर जे लोक रांगेत आहेत त्यांच्यात जातं. रांग मोठी आहे, लहान बाळासाठी तीन वर्षांच्या वर थांबलेले माझ्या ओळखीत आहेत. तुम्ही थांबला नाहीत हे मला कळतं, अकरा वर्षं थांबलेल्या माणसाला अजून थांब म्हणणं सोपं नसतं, पण त्या मावशीला हे बरोबर माहीत असतं आणि तिचा धंदा त्याच्यावरच चालतो.

आता करायचं काय. त्या जावयाला एक रुपया देऊ नका, त्याचे फोन, मेसेज जपून ठेवा. कुणी म्हणालं चला मागच्या तारखेचं दत्तकपत्र करून देतो तर त्याच्या दुकानातून उठून या, कारण आत्ता एक चूक आहे, उद्या दोन होतील. फौजदारी आणि दत्तक दोन्ही करणारा वकील धरा, आणि वकिलासोबत स्वतः होऊन समितीपुढं जा. स्वतः गेलं म्हणून गुन्हा पुसला जातो असं नाही, आणि काही दिवस लेकराला संस्थेत ठेवलं जाऊ शकतं, हे आधीच सांगते, म्हणजे तिथं गेल्यावर वकिलीण खोटं बोलली असं वाटायला नको. पण तिसऱ्यानं तक्रार केल्यावर पोलिसांच्या गाडीतून जाण्यापेक्षा स्वतःच्या पायानं जाणं वेगळं. समितीला आणि कोर्टाला शेवटी लेकराचं हित बघायचं असतं, चार वर्षं सांभाळलेलं घर हे त्यांच्यासमोर ठेवता येतं.

माझ्याकडं अशीच एक जोडी आली होती. समितीनं विचारलं काय कागद आहेत, तर त्या बाईनं पिशवीतून लसीकरणाचं कार्ड काढलं. कडा फाटलेल्या, सेलोटेप लावलेली, सगळे डोस वेळेवर, एकही चौकोन रिकामा नाही. पिशवीतल्या सगळ्या कागदांत तेवढा एकच खरा होता. केस अजून चालू आहे म्हणून पुढचं लिहीत नाही.

प्रश्न : आम्ही दोघं भाऊ, बारा एकर वावर सामाईक. मला एकच मुलगी, भावाला तीन पोरं. त्यातला मधला आमच्यातच राहतो, दहावीला आहे, त्याला दत्तक घ्यायचं ठरवलंय. गावात म्हणतात मुलगी असल्यावर दत्तक घेता येत नाही. बायको म्हणते कशाला पाहिजे, लेक आहे की. कायदा काय म्हणतो?
— एक शेतकरी, कळमनुरी

उत्तर : भाऊ, गावातले चुकले. मुलगा दत्तक घ्यायचा तर स्वतःचा हिंदू मुलगा, नातू, पणतू हयात नको, एवढीच अट आहे. मुलगी असली तरी मुलगा घेता येतो, तसंच मुलगा असताना मुलगी घेता येते.

पण तुमची गाडी दुसऱ्या दोन ठिकाणी अडकतेय. एक, बायकोची संमती. कलम ७ आहे, बायकोच्या संमतीशिवाय नवऱ्याला दत्तक घेता येत नाही, आणि तुम्ही स्वतःच लिहिलंय ती नको म्हणते. तिची सही 'करून घेऊ' असं मनात असेल तर काढून टाका, पुढं तीच कोर्टात सांगेल माझी जबरदस्तीनं घेतली. दोन, पोराचं वय. पंधरा पूर्ण झालं की दत्तक देता येत नाही, समाजात तशी रूढी असेल तर देता येतं, पण रूढी आहे असं नुसतं म्हणून भागत नाही, कोर्टात पुराव्यानं दाखवावी लागते. दहावीला आहे म्हणजे पंधराच्या आसपासच आहे, जन्मतारीख आजच बघा.

आता जे तुम्ही विचारलं नाही ते मी विचारते. वावर जावयाच्या घरात जाऊ नये म्हणून चाललंय का हे? असेल तर फुकट आहे. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत लेकीचा हक्क मुलाएवढाच आहे, आणि सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये सांगितलं की तो जन्मानं मिळतो, दुरुस्ती आली त्या तारखेला बाप जिवंत होता का ते बघायचं नाही. दत्तक मुलगा आला तर तो तिच्या बरोबरीनं वाटेकरी होईल, ती बाहेर जाणार नाही. पुतण्यावर जीव आहे आणि त्याला काही द्यायचंय तर तुमच्या हिश्श्यापुरतं मृत्युपत्र करा, त्याला वयाची अट नाही, बायकोची सही नाही, आणि मन बदललं तर दुसरं करता येतं. दत्तक बदलता येत नाही. कलम १५, एकदा नीट झालेलं दत्तक घेणाऱ्याला रद्द करता येत नाही आणि पोरालाही परत पहिल्या घरी जाता येत नाही. माझ्याकडं दर दोन-तीन महिन्याला कुणीतरी येतंच, दत्तक मोडायचंय म्हणून. लग्न मोडता येतं, दत्तक मोडत नाही, हे ऐकून तोंड बघण्यासारखं होतं त्यांचं.

आणि बायको तयार असेल, वय बसत असेल आणि खरंच मुलगा म्हणून घ्यायचा असेल तर मग थाटात घ्या. दोन्हीकडची माणसं बोलवा, भाऊ-भावजयीनं पोराचा हात तुमच्या हातात द्यायचा, ती देण्याघेण्याची गोष्ट प्रत्यक्ष घडली पाहिजे, होम केला नाही तरी चालतं. फोटो काढा. मग दुय्यम निबंधकाकडं दत्तकपत्र रजिस्टर करा, देणारे आणि घेणारे दोघांच्या सह्यांचं. रजिस्टर केलेलं असलं की कोर्ट ते बरोबर आहे असंच धरून चालतं, नाही म्हणणाऱ्यानं सिद्ध करायचं. दहावीच्या बोर्डाचा फॉर्म भरायच्या आत नाव बदलायचं बघा, नंतर मार्कशीटवरचं नाव बदलायला जी वणवण होते ती विचारू नका. सध्या कुणबी नोंदीपायी निम्मा मराठवाडा वंशावळ खिशात घेऊन फिरतोय आणि मला रोज एक फोन येतो की दत्तक पोराची वंशावळ कुठल्या घराची लावायची, तर ते स्वतंत्र प्रकरण आहे, त्यावर वेगळं लिहीन.

प्रश्न : अस्सलामु अलैकुम वकील आपा. माझ्या लहान बहिणीला चौथी मुलगी झाली, परिस्थिती बेताची आहे. आम्हाला औलाद नाही. बहीण आणि तिचे मिस्टर राजीखुशी द्यायला तयार आहेत. पण सगळे म्हणतात मुसलमानांना दत्तक चालत नाही.
— एक शिक्षिका, परभणी

उत्तर : वालेकुम अस्सलाम. तुम्हाला सांगणाऱ्यांना जुनं माहितीय. १९५६ चा हिंदू दत्तक कायदा तुम्हाला लागू नाही हे खरं, आणि पूर्वी फक्त १८९० च्या पालकत्वाच्या कायद्यानं पालक होता यायचं, जे लेकरू अठराचं झालं की संपायचं. पण बाल न्याय कायद्यात दत्तक धर्म बघून नाही. सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्ये स्पष्ट केलं की कुठल्याही धर्माच्या माणसाला ह्या कायद्यानं दत्तक घेता येतं, सक्ती कुणावर नाही, ज्याला आपल्या पर्सनल लॉप्रमाणे राहायचंय त्यानं राहावं.

तुमचं प्रकरण नात्यातल्या दत्तकाचं आहे. नात्यातलं म्हणजे कायद्यात काका, काकू, आत्या, मामा, मामी, मावशी, मावसा आणि दोन्हीकडचे आजीआजोबा, एवढेच. मावसबहिणीचं किंवा आतेभावाचं लेकरू असतं तर हा रस्ता बंद होता. तुम्ही सख्खी खाला म्हणजे मावशी, ह्या यादीत बसता. कारा पोर्टलवर नात्यातलं दत्तक म्हणून नोंदणी करायची, बहीण-मेहुण्याची लेखी संमती, जिल्हा बाल संरक्षण कक्षाचे लोक घरी येऊन पाहणी करतात, आणि मग आदेश. तो आदेश पूर्वी कोर्ट द्यायचं, २०२१ च्या दुरुस्तीनं १ सप्टेंबर २०२२ पासून जिल्हाधिकाऱ्यांकडं गेला. नात्यातल्या दत्तकाला नवराबायकोच्या वयाच्या बेरजेची अट लावत नाहीत, हा एक फायदा.

तुम्ही नोकरी करता म्हणून कुणी अडवलं तर २०२३ चा मुंबई हायकोर्टाचा निकाल वकिलाला दाखवायला सांगा. त्यात एका घटस्फोटित शिक्षिकेला बहिणीचंच लेकरू घ्यायचं होतं आणि खालच्या कोर्टानं म्हटलं होतं की ही नोकरीवाली, एकटी, लेकराकडं काय लक्ष देणार. हायकोर्टानं तो आदेश उडवला. एकच अजून, आदेश झाल्यावर कायद्यानं ती तुमची मुलगी, पण इस्टेटीचं नंतर सासरच्यांनी वाद घालू नये असं वाटत असेल तर हयातीतच हिबा म्हणजे बक्षीस करून ठेवा.

प्रश्न : ताई, माझं वय ३१. पंचविसाव्या वर्षी पोटात दुखायचं म्हणून डॉक्टरनी गर्भपिशवी काढली, एक मुलगा झाला होता तो आजारानं गेला. जाऊबाई म्हणतात मी तुझं लेकरू पोटात वाढवते. पण हैद्राबादचा एक एजंट म्हणतो घरच्यांना नको, आमच्याकडं पॅकेज आहे, बाईपण आम्हीच देतो, १५ लाखात सगळं. काय करू?
— एक ताई, बीड जिल्हा

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं. ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा विषय २०१९ ला पेपरात गाजला, सरकारची समिती आली, पण पंचविशीत पिशवी काढलेल्या बाईनं पुढं काय करायचं हे तेव्हा कुणी फार विचारलं नाही.

आधी एजंटचं. त्याचा नंबर डिलीट करा. सरोगसीचा कायदा २०२१ चा, जानेवारी २०२२ पासून लागू, आणि त्यात पैसे देऊन सरोगसी पूर्ण बंद आहे, हैद्राबादला पण आणि मुंबईला पण. असं दुकान चालवणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आणि दहा लाखांपर्यंत दंड, आणि त्याच्याकडं जाणाऱ्या नवराबायकोला पहिल्याच वेळी पाच वर्षांपर्यंत आणि पाच लाख. पॅकेज म्हणणारा माणूस तुम्हाला गिऱ्हाईक करत नाही, आरोपी करतोय.

जाऊबाईंचा रस्ता मात्र कायद्यातला आहे. गर्भपिशवी नसणं हे सरोगसीसाठी वैद्यकीय कारण आहे. तुमचं वय २३ ते ५० मध्ये पाहिजे, मालकांचं २६ ते ५५, आणि हयात मूल नको, मग ते पोटचं असो, दत्तक असो. (मूल दिव्यांग किंवा जिवावरच्या आजाराचं असेल तर सूट आहे, ते तुम्हाला लागू नाही.) जाऊबाई लग्न झालेल्या, स्वतःचं लेकरू असलेल्या, २५ ते ३५ वयाच्या पाहिजेत, आणि हे त्यांना आयुष्यात एकदाच करता येतं. त्यांना दवाखान्याचा खर्च आणि ३६ महिन्यांचा विमा, ह्याच्यापलीकडं पैसे नाही, दागिना नाही, 'वावरातलं एक एकर नावावर करतो' हे तर अजिबात नाही. घरातल्या घरात हे बोललं जातं म्हणून लिहितेय.

बीज जाऊबाईंचं वापरता येत नाही, त्यांनी फक्त पोटात वाढवायचं. म्हणून तुमच्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड शोधा आणि त्यात अंडाशय ठेवलंय की काढलंय ते डॉक्टरकडून वाचून घ्या. नुसती पिशवी काढली असेल तर तुमचं स्वतःचं बीज मिळण्याची आशा आहे. दोन्ही काढलं असेल तरी दार बंद नाही, फेब्रुवारी २०२४ च्या नियमबदलानं दोघांपैकी एकाचं बीज दात्याकडून घेता येतं, जिल्हा वैद्यकीय मंडळानं तसं लिहून दिलं तर. कार्ड हरवलं असेल तर सोनोग्राफीत दिसतं.

मग कागद, आणि इथं क्रम महत्त्वाचा, कारण सगळं उपचाराच्या आधी पाहिजे. जिल्हा वैद्यकीय मंडळाचं प्रमाणपत्र, मग प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडं तुम्ही तिघांनी अर्ज करून बाळाच्या पालकत्वाचा आणि ताब्याचा आदेश, मग सक्षम प्राधिकाऱ्याकडून तुमचं आणि जाऊबाईंचं पात्रतेचं प्रमाणपत्र. तो कोर्टाचा आदेश फार कामाचा, बाळ झाल्यावर जन्मनोंदीला तोच धरतात, जाऊबाईंचं नाव आई म्हणून लागत नाही, तुमचं लागतं. बघा, इथं लेकरू पोटात येण्याच्या आधीच दिलं कुणी घेतलं कुणी ते ठरतं.

आणि जाऊबाईंना एकटीला घेऊन एकदा माझ्याकडं नाहीतर कुणा वकिलाकडं बसा, सासू नको, दीर नको, तुम्ही पण बाहेर थांबा. गर्भ ठेवायच्या आधीपर्यंत त्यांना नाही म्हणता येतं, हे त्यांना कुणीतरी सांगितलेलं असलं पाहिजे.

प्रश्न : आयव्हीएफमध्ये डॉक्टर म्हणतात बायकोचं बीज चालणार नाही, डोनरचं घ्यावं लागेल. भाऊबंदांना कळलं तर उद्या म्हणतील हे आमच्या रक्ताचं नाही, सातबाऱ्यावर नाव लागू देणार नाहीत. मेव्हणी बीज द्यायला तयार आहे, ते चालेल का?
— जालना

उत्तर : भाऊबंदांना म्हणू द्या. आयव्हीएफसारख्या उपचारांसाठी एआरटी कायदा आहे, २०२१ चा, त्याच्या कलम ३१ प्रमाणे अशा उपचारातून झालेलं मूल हे त्या नवराबायकोचं पोटचंच मूल धरलं जातं, सगळे हक्क तसेच, आणि दात्याचा त्या मुलावर कसलाही हक्क राहत नाही. दत्तक घ्यायची गरज नाही, वेगळा दाखला नाही, जन्मनोंदीत तुमची दोघांची नावं आणि ती खरी. पहिल्या पत्रातल्या दादांच्या दाखल्यात आणि तुमच्या दाखल्यात दिसायला काहीच फरक नसेल, पण तुमच्या मागं कायदा उभा आहे. फक्त क्लिनिकमधल्या संमतीपत्राची कॉपी मागून घ्या, देत नसतील तर लेखी मागा, आणि ती जपून ठेवा. लॅमिनेशन नको.

मेव्हणीचं चालत नाही, दाते नोंदणी केलेल्या बँकेकडूनच येतात. स्त्री दाता २३ ते ३५ वयाची, आयुष्यात एकदाच, सातपेक्षा जास्त बीजं काढायची नाहीत. शहरात शिकायला, कामाला गेलेल्या मुलींना पैशाच्या आशेनं दोनदा तीनदा नेणारे दलाल आहेत, कुणाच्या घरात असं होत असेल तर थांबवा, मुलीच्या जिवाशी खेळ आहे तो.

आता पटपट काही. बदनापूरच्या शिक्षिका, वय ४२, लग्न नाही केलं: हो, घेता येतं, मुलगा-मुलगी दोन्ही, पण दोन वर्षांच्या आतलं बाळ एकटीला चाळिशीपर्यंतच, तुम्हाला दोन ते चार वर्षांचं मिळेल, ४५ च्या आत नोंदणी करा. देगलूरचे काका, दोघांच्या वयाची बेरीज ९६: चार ते आठ वर्षांचं लेकरू, तिथं बेरीज १०० पर्यंत चालते. उदगीरचा तरुण, एकटा, मुलगी पाहिजे: एकट्या पुरुषाला मुलगी देत नाहीत, मुलासाठी अर्ज करा. वसमतचं जोडपं, दोन लेकरं आहेत, तिसरं दत्तक: आता दोन असली तरी फक्त विशेष गरज असलेली किंवा लवकर घर न मिळणारी मुलंच मिळतात. माजलगावचे सर, भ्रूण २०२० मध्ये सरोगसीसाठी गोठवलेत आणि आता बाईंचं वय ५२: ऑक्टोबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की कायदा यायच्या आधी जे ह्या पायरीपर्यंत पोचले होते त्यांना वयाची अट मागून लावता येणार नाही, कागद घेऊन वकिलाकडं जा, उशीर करू नका.

एक गोष्ट मधेच सांगायची राहिली. काराच्या आकड्यांत दरवर्षी मुलींचीच दत्तकं जास्त असतात. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयात हजार मुलांमागं ८०७ मुली होत्या, आणि त्याच जिल्ह्यातून मला आलेल्या पत्रांतली बरीचशी 'मुलगीच पाहिजे' अशी आहेत. ह्याचा अर्थ काय लावायचा मला अजून कळलेलं नाही.

शेवटचं पत्र.

प्रश्न : मॅम, मी १९ वर्षांचा आहे, इंजिनिअरिंगला. मी सव्वा वर्षाचा असताना आईबाबांनी मला एका संस्थेतून दत्तक घेतलं, हे मला लहानपणापासून माहीत आहे, आमच्यात लपवालपवी नाही. मला जन्म देणारी कोण होती ते बघायचंय. आईबाबा हो म्हणतात पण आई दोन दिवस जेवली नाही. कायद्यानं मला अधिकार आहे का?
— नांदेड

उत्तर : आहे बेटा. अठरा पूर्ण झालेला दत्तक मुलगा स्वतः अर्ज करू शकतो, अठराच्या आत असतास तर आईबाबांसोबत करावा लागला असता. दत्तकाच्या नियमांत त्याला मूळशोध म्हणतात. ज्या संस्थेतून तुला घेतलं तिथं, किंवा ती बंद पडली असेल तर राज्याच्या दत्तक यंत्रणेकडं किंवा काराकडं अर्ज कर. स्वतः जा, दुसऱ्या कुणाला पाठवू नकोस, दुसऱ्याला ती माहिती देतच नाहीत.

तिथं तुला कुठून आला, कशा परिस्थितीत आला, तब्येत कशी होती, असं मिळेल. पण तुझ्या आईनं समर्पण केलं असेल आणि नाव सांगू नका म्हणाली असेल तर तिचं गुप्त राहणं तुझ्या अधिकाराच्या वर धरलं जातं. सोडून दिलेला सापडला असशील तर नाव कुणालाच माहीत नसेल. हे घरी बसून आधी पचव, मग बसस्टँडवर जा.

किल्लारीच्या भूकंपात, १९९३ ला, आईबाप गेलेली आणि चुलत्या-मामाकडं वाढलेली माणसं मला अजून कोर्टात भेटतात, आता पस्तिशी-चाळिशीची. त्यांना आईबापाची नावं पाठ आहेत, पण बहुतेकांच्या सांभाळाचा एक कागद नाही. तुझं उलटं आहे. तुझ्याकडं सगळे कागद असणार, दत्तकाचा आदेश, संस्थेतला वैद्यकीय अहवाल, घरपाहणीचा अहवाल, ज्यात तुझ्या आईबाबांनी तुला का मागितलं ते लिहिलेलं असतं. तो घरपाहणीचा अहवाल आधी वाच. आईला विचार कुठं ठेवलाय, तिला नक्की माहीत असेल. आणि संस्थेत जायच्या दिवशी ती येते म्हणाली तर येऊ दे, नाही म्हणाली तर संध्याकाळी किती वाजता परत येणार ते तिला सांगून जा.